समुद्रपातळीखालची बेगमी

'बेगमी' हा शब्द आज मराठी घरांतून बराचसा मागे पडला आहे. परंतु ज्या काळी कोकणातील गृहिणी मृग लागण्यापूर्वी आगोटीचे म्हणून मीठ, मिरची, चिंच, आमसुले, सुकी मासळी आणि सुकी लाकडे घरात भरून घेई, गोव्यातील घरे त्याच भरण्याला पुरुमेंत म्हणत, आणि देशावरील कुणब्याचे वर्ष कणगीतल्या ज्वारीच्या पातळीवरून मोजले जाई, त्या काळी हा शब्द तोंडी रुळलेला होता आणि त्यात भयाचा लवलेशही नव्हता. पाऊस येणार, तो चार महिने राहणार, वाटा बंद होणार, हे ज्याला पक्के ठाऊक आहे अशा माणसाने केलेली ती साधी तजवीज होती. अलीकडे मात्र स्वतःची जमीन, स्वतःची भाजी, स्वतःच्या कोंबड्या आणि स्वतःच्या छपरावरची वीज अशी जी स्वयंपूर्णतेची हौस पश्चिमेकडे आणि हळूहळू आपल्याकडेही पसरत चालली आहे, तिच्या मुळाशी धास्ती आहे: मंदी येईल, बाजार बसेल, बँकांची दारे लागतील, आणि त्या दिवशी आपण आपल्या कुंपणाच्या आत सुखरूप असू. ही कल्पना कितपत टिकाव धरते हे तपासून पाहण्यास हॉलंडमधील नीउ-व्हेनेप हे गाव मोठे सोयीचे आहे. आणि त्या गावाच्या कडेला दोन गुंठ्यांचा एक तुकडा माझ्या वहिवाटीत असल्यामुळे ती तपासणी करण्याचा योग मला आपसूकच आला.

आम्स्टरडॅमहून आगगाडीने निघाले की स्खिपोलचा विमानतळ लागतो, त्यापुढे होफ्डडोर्प आणि मग नीउ-व्हेनेप. दोन्ही बाजूंस पट्टीने आखल्यासारखी शेते, त्यांमधून सरळ रेषेत गेलेले पाण्याचे चर, आणि क्षितिजापर्यंत एकही उंचवटा नाही. नवख्या माणसाला येथे काही विलक्षण आहे असे वाटत नाही. ते जाणवते पश्चिमेच्या बांधाशी गेल्यावर, जेथे सबंध प्रदेशाला वेढून जाणारा रिंगफार्ट नावाचा कालवा आहे. कारण त्या कालव्यातून जाणारी नाव पाहण्यास मान वर करावी लागते. शेत खाली, पाणी वर. समुद्राच्या पातळीपासून साधारण चार ते पाच मीटर खाली वसलेल्या या जमिनीवर गहू पिकतो, बटाटा निघतो, मुले सायकलीने शाळेत जातात आणि विमाने उतरतात. आणि हे सारे कोठेतरी पंप चालू आहे म्हणून.

येथे पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरोवर होते. हार्लेमरमेर हे त्याचे नाव, विस्तार सुमारे १८ हजार हेक्टर, आणि काठची जमीन वर्षानुवर्षे कुरतडून गिळण्याच्या त्याच्या खोडीमुळे लोक त्याला 'पाण्याचा लांडगा' म्हणत. व्हेनेप नावाचे जुने खेडे त्याच लांडग्याच्या पोटात गेले. सरोवर उपसून कोरडे करावे ही योजना यान आद्रिआन्सझोन लेघवाटर याने १६४१ साली पुस्तकरूपाने मांडली होती, पण पवनचक्क्यांच्या बळावर एवढे पाणी उपसणे त्या काळी कोणाच्या आवाक्यात नव्हते. १८३६च्या नोव्हेंबरात वादळाने हे पाणी आम्स्टरडॅमच्या वेशीपर्यंत आणले आणि त्याच वर्षीच्या नाताळात ते लायडनपर्यंत गेले, तेव्हा कोठे दरबारी चक्रे हलली. १८४०पासून साठेक किलोमीटर लांबीचा वेढा-बांध आणि कालवा खणला गेला. लेघवाटर, क्रुकियस आणि लिंडन अशी तीन वाफेची उपसा-केंद्रे उभी राहिली. आणि सुमारे ८० कोटी घनमीटर पाणी उपसून १ जुलै १८५२ रोजी सरोवर कोरडे झाल्याचे जाहीर झाले. क्रुकियसचे यंत्र आज संग्रहालय आहे. त्याचा मुख्य सिलिंडर साडेतीन मीटरांहून अधिक व्यासाचा आहे, आणि इमारतीच्या भिंतींतून बाहेर काढलेल्या आठ लोखंडी तुळया पाहिल्या की मोटेच्या आठ जोड्या एकाच विहिरीवर जुंपल्यासारखे वाटते.

पुढची हकीकत पाठ्यपुस्तकांत थोडक्यात उरकली जाते, पण आपल्या विषयाला तीच अधिक जवळची. सरकारने ही नवी जमीन १८५३पासून लिलावाने विकून टाकली. घेणाऱ्यांत शहरातले भांडवलवाले पुष्कळ होते, आणि प्रत्यक्ष कसायला आली ती कुळे आणि मजूर. आपल्याकडे मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला कौल मिळे, पहिली काही वर्षे सारा हलका ठेवून तो क्रमाने चढवण्याचा इस्तावा ठरे, बीबियाण्यांस तगाई मिळे. या चिखलात उतरलेल्या माणसांना तसले काही मिळाले नाही. रस्ते नव्हते, प्यायचे पाणी वाईट होते, हिवतापाने आणि पटकीने माणसे मरत होती, झोपड्या लाकूड-बोरूच्या होत्या. जमीन मात्र जातिवंत चिकणमातीची होती. या मंडळींनी मोहरीच्या कुळातील तेलबियांपासून सुरुवात करून हळूहळू गहू, बटाटा, अळशी आणि साखरेचे बीट यांवर जम बसवला, आणि बुडालेल्या खेड्याच्या स्मरणार्थ व्हेनेपरडोर्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीला १८६८ साली नीउ-व्हेनेप, म्हणजे नवे व्हेनेप, हे नाव मिळाले.

स्वतःच्या घामावर उभ्या राहिलेल्या अशा वसाहतीहून स्वावलंबनाचे दुसरे उदाहरण कशाला हवे, असे कोणास वाटेल. पण याच ठिकाणी खरी मेख आहे. येथील सर्वांत कष्टाळू शेतकऱ्यालाही एक गोष्ट स्वतःपुरती करता येत नव्हती आणि आजही येत नाही, ती म्हणजे स्वतःचे शेत कोरडे ठेवणे. माझे दोन गुंठे कोरडे राहायचे तर शेजाऱ्याचे दोनशे एकरही कोरडे राहिले पाहिजेत. पाणी कुंपण जाणत नाही. म्हणून या भागात पाण्याचा कारभार पाहणारी राइनलंड नावाची संस्था तेराव्या शतकापासून चालत आली आहे. तिची स्वतंत्र निवडणूक होते, तिची स्वतंत्र पट्टी दरसाल प्रत्येक घरावर बसते, आणि ती भरताना कुरकुरणारा मनुष्य मी अनेकदा पाहिला असला तरी ती नसावी असे म्हणणारा अजून पाहिलेला नाही. गोव्याच्या खाजन शेतांत हेच तत्त्व आहे: भरतीच्या पातळीखालची जमीन, तिच्याभोवती बांध, बांधात मानस नावाचे दार, आणि त्या बांधाची व दाराची निगा गावकारीने म्हणजे सर्वांनी मिळून राखायची. बांधाला एका ठिकाणी खेकड्याने बीळ पाडले तर सबंध खाजनाची भातशेती खारट होते. धुळे-नाशिककडील पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत पाणी आणण्यासाठी होती, येथील व्यवस्था पाणी घालवण्यासाठी. पण पाटकरी आणि जागल्या नेमण्यामागचा विचार दोहोंकडे एकच.

आता माझ्या दोन गुंठ्यांकडे येतो. डच लोक अशा तुकड्याला 'फोल्क्सटाऊन' म्हणतात, म्हणजे लोकांची बाग. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांच्या गावी मजुराला स्वतःचे बटाटे काढता यावेत म्हणून परोपकारी मंडळ्यांनी हे तुकडे देण्यास प्रारंभ केला. त्यामागे गरिबाची भूक जितकी होती तितकाच तो गुत्त्यात कमी वेळ बसावा हा मध्यमवर्गीय हिशेबही होता. पहिल्या महायुद्धात हॉलंड तटस्थ असूनही अन्नाची टंचाई झाली, १९१७च्या उन्हाळ्यात आम्स्टरडॅमच्या बायकांनी सैन्यासाठी ठेवलेले बटाटे लुटले, शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. त्या धामधुमीत या बागांची संख्या वाढली, आणि १९२८ साली त्यांच्या मंडळांचा देशव्यापी संघही स्थापन झाला. आमच्या मंडळात आज निवृत्त डच जोडपी आहेत, तुर्की आणि मोरोक्की कुटुंबे आहेत, आणि विमानतळाच्या किंवा संगणकाच्या नोकरीनिमित्त येथे आलेली आमच्यासारखी काही भारतीय घरे आहेत, जी मेथी आणि कोथिंबीर लावतात व पहिल्या वर्षी हमखास दोडक्याचे बी पेरून फसतात.

नव्या सभासदाला पहिल्याच हंगामात जो प्रश्न पडतो तो मलाही पडला: या तुकड्यावर माझे कुटुंब जगेल का? माझ्या शेजारच्या तुकड्याचे म्हातारेबुवा कोणत्याही प्रश्नाचे उत्तर पेन्सिलीने देतात. त्यांनी बियाण्याच्या रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर मांडलेला हिशेब असा. घरगुती लागवडीत एका चौरस मीटरवर साधारण तीन किलो बटाटा निघतो. एका किलो बटाट्यात सुमारे ७७० कॅलरी. म्हणजे एका चौरस मीटरवर २३०० कॅलरी, आणि हा झाला एका माणसाचा एका दिवसाचा आहार. एक चौरस मीटर, एक दिवस! हिशेब इतका सुबक निघाला की तो लक्षात ठेवण्यासाठी पाकीट जपावे लागले नाही. एका माणसाच्या वर्षाला ३६५ चौरस मीटर, म्हणजे आपल्या मापाने साडेतीन गुंठ्यांहून थोडी अधिक जमीन. चौघांच्या घराला साडेचौदा गुंठे. माझ्या दोन गुंठ्यांवर माझे चौघांचे घर पन्नास दिवस जगेल, तेही तिन्ही त्रिकाळ बटाटा खाऊन.

पण म्हातारेबुवांनी पाकीट उलटे केले. बटाट्याच्या मुळांवर सूक्ष्म कृमी साठतात, म्हणून त्याच जमिनीत तो तीन-चार वर्षांतून एकदाच लावावा असा शिरस्ता आहे. चारांनी गुणले की केवळ बटाट्यावर जगू पाहणाऱ्या चौघांना दीड एकराच्या जवळपास जमीन लागते. उरलेल्या तीन भागांत गहू, शेंगा, कोबी येतात हे खरे, त्यामुळे गणित काहीसे हलके होते. पण गव्हाला दळण आहे, जमिनीला खत पाहिजे, खताला जनावर पाहिजे, जनावराला चारा पाहिजे आणि चाऱ्याला पुन्हा जमीन. कोल्हापूरचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या प्रयोग परिवाराच्या कार्यातून दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब सुखाने राहू शकते असे प्रतिपादन केले होते, आणि त्यांच्या विचाराचा पाया पानांवर पडणारा सूर्यप्रकाश हा होता. मला त्यांच्या म्हणण्यात खोट दिसत नाही. मात्र त्यांच्या हिशेबातला सूर्य कोल्हापूरचा होता. येथे डिसेंबरात तो पावणेनऊला उगवतो, साडेचारला मावळतो, आणि मधल्या वेळात बहुधा ढगांमागे असतो.

स्वतःच्या जमिनीवर माणसांना स्वयंपूर्ण करण्याचे प्रयोग या देशाने मोठ्या प्रमाणावरही करून पाहिले आहेत. जनरल योहानेस फान डेन बोश याने १८१८ साली ड्रेंटमधील फ्रेडरिक्सोर्ड येथे शहरी गरिबांची वसाहत वसवली आणि दर कुटुंबास छोटे घर व सुमारे अडीच हेक्टर, म्हणजे सहा एकर जमीन दिली. जमीन रेताड, खत अपुरे, आणि विणकर-हमालांना शेती ठाऊक नाही. वसाहत कधीच स्वतःच्या पायावर उभी राहिली नाही आणि मंडळी कर्जात रुतत गेली. हाच गृहस्थ पुढे गव्हर्नर-जनरल होऊन जाव्हात गेला आणि तेथील रयतेकडून सक्तीने निर्यातीची पिके काढून घेण्याची पद्धत त्याने बसवली, हा योगायोग इंडोनेशियाच्या इतिहासकारांनी दुर्लक्षू नये असा आहे. त्यानंतर लेखक आणि मनोवैद्य फ्रेडरिक फान एडेन, ज्यांनी रवींद्रनाथांची गीतांजली डच भाषेत आणली, त्यांनी १८९८ साली बुसम येथे 'वाल्डेन' ही सामुदायिक वसाहत काढली. ती १९०७ साली दिवाळ्यात निघाली. त्यांची पावरोटी मात्र चांगली असे म्हणतात.

तेव्हा दोन गुंठे कुटुंबाला पोसत नाहीत. मग ते काय करतात? मला वाटते, ते मुदत वाढवून देतात. आणि मुदत वाढवणे हाच बेगमीचा मूळ अर्थ आहे. म्हणून पीक काढण्यापेक्षा ते टिकवणे ही येथील अधिक मोठी विद्या आहे, आणि ती मला शिकायला तीन हिवाळे लागले.

आपल्याकडे टिकवण्याचे काम ऊन करते. पापड, कुरडया, सांडगे, आंबोशी, कोकम या सर्व वस्तू वैशाखाच्या उन्हाच्या देणग्या आहेत. येथे ऊन नाही. थंडी, मीठ आणि अंधार हे तीनच नोकर. बटाटे खणल्यावर साल घट्ट होईपर्यंत दहाएक दिवस ते अंधाऱ्या, हवेशीर जागी पसरून ठेवायचे. फावड्याची जखम लागलेला प्रत्येक नग बाजूला काढून आधी खाऊन टाकायचा. मग कोरड्या उंचवट्यावर मीटरभर रुंदीचा, आपल्या गंजीच्या आकाराचा ढीग रचायचा, त्यावर वीतभर जाडीचा गव्हाचा पेंढा, त्यावर कुदळीने थापलेली माती. आणि माथ्यावर पेंढ्याचा एक झुपका मातीबाहेर मोकळा ठेवायचा. माझ्या पहिल्या वर्षी तो झुपका पाहून मला तो निष्काळजीपणा वाटला आणि मी त्यावर नीटनेटकी माती थापली. बटाटा पुरल्यावरही श्वास घेतो. वाफेला वाट न मिळाल्याने जानेवारीत ढीग उघडला तेव्हा आत गरम, काळा लगदा होता आणि त्याचा वास माझ्या कोटाला मार्चपर्यंत चिकटून राहिला. आपल्या सांगली-हरिपूरच्या हळदीच्या पेवांची मला तेव्हा फार आठवण आली. जमिनीच्या पोटातली तीही कोठारेच, पण ती हवाबंद ठेवली तरच माल वर्षानुवर्षे टिकतो, कारण वाळलेली हळद श्वास घेत नाही. एकाच युक्तीचे दोन उलट नियम. पेवांचाही शत्रू पाणीच निघाला. २००५च्या कृष्णेच्या पुराने त्यांतली पुष्कळ निकामी केली.

उष्णमान चार अंशांच्या खाली गेले की बटाट्यातील पिठाची साखर होऊ लागते आणि भाजी गोडसर लागते. उजेड लागला की साल हिरवी पडून विषारी होते. हे सारे म्हातारेबुवा ढिगात हात खुपसून ओळखतात. त्यांच्या पत्नी घेवड्याच्या शेंगा तिरप्या, कागदासारख्या पातळ चिरून दगडी बरणीत थरावर थर मिठाने दाबत. कोबी चिरून वजनाच्या दोन-अडीच टक्के मीठ चोळून आंबवत, वर फडके, त्यावर फळी आणि फळीवर धोंडा. तो धोंडा त्यांच्या आईकडून आलेला होता. लोणच्याच्या बरणीचा दादरा ज्या काटेकोरपणाने आमच्या घरी आजी बांधत असे, त्याच काटेकोरपणाने ते फडके दर आठवड्याला उकळत्या पाण्यात धुतले जाई.

हे कौशल्य केवळ हौसेचे नाही हे या देशाला एकदा फार कठोरपणे कळले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असतानाही पहिली चार वर्षे हॉलंड उपाशी राहिले नाही, कारण अन्नखात्याने युद्ध लागण्यापूर्वीच तयारी केली होती आणि नंतर कुरणे नांगरून, डुकरे व कोंबड्या कमी करून, जनावरांचे खाद्य वाचवून माणसांसाठी बटाटा आणि धान्य वाढवले होते. १७ सप्टेंबर १९४४ रोजी दोस्तांच्या मदतीसाठी रेल्वे कामगारांनी संप सुरू केला; सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडील शहरांकडे जाणारी अन्नवाहतूक बंद केली. नोव्हेंबरात जलमार्गाची बंदी उठली, पण कोळसा संपला होता, नावा जप्त झाल्या होत्या, आणि मग थंडीने कालवेच गोठले. शहरांतील शिधा दिवसाला हजार कॅलरींच्या खाली आणि पुढे पाचशेच्या आसपास घसरला. त्या हिवाळ्यात वीस हजारांहून अधिक माणसे मेली.

त्या काळात आम्स्टरडॅम आणि हार्लेमची माणसे टायर नसलेल्या सायकली, बाबागाड्या, हातगाड्या घेऊन ज्या वाटांनी निघाली, त्यांतल्या काही याच पोल्डरमध्ये, म्हणजे उपसून काढलेल्या या जमिनीवर, येत होत्या. रोखीला किंमत उरली नव्हती. चादरी, बूट, घड्याळे, लग्नाच्या अंगठ्या देऊन बटाट्याचे पोते आणि गव्हाची पिशवी मिळे. कोणी शेतकरी ठरल्या भावाने देत होते, कोणी काळ्या भावाने. दोन्ही प्रकारच्या आठवणी येथील वृद्धांकडे आहेत आणि त्या दोन्ही खऱ्या मानल्या पाहिजेत. रिंगफार्टपलीकडे हिलेगोम आणि लिस ही फुलांच्या कंदांची गावे. निर्यात बंद असल्याने ट्यूलिपचे कंद पडून होते, ते मधला पिवळा कोंब काढून टाकून उकडून खाल्ले गेले. साखरेचे बीट किसून, उकळून पाक काढायचा आणि चोथ्याच्या थापून भाकऱ्या करायच्या. गॅस व वीज नसल्याने हा स्वयंपाक डब्याएवढ्या चुलीवर, ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे चोरून आणून, चिमूट चिमूट जाळाने होत असे.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की हार्लेमरमेरच्या कोठारांत अन्न होते आणि तेथून काही तासांच्या पायवाटेवर माणसे मरत होती. तुटली होती ती वाट. बंगालच्या १९४३च्या दुष्काळाविषयी अमर्त्य सेन यांनी दाखवले की भुकेचे कारण नेहमी धान्याचा अभाव हेच नसते, येथेही तेच. स्वयंपूर्णतेच्या पुरस्कर्त्यांनी या हिवाळ्याचा दाखला वारंवार द्यावा हे साहजिक आहे, कारण ज्याच्या परसात बटाटे होते तो जगला. पण त्याच युद्धात आणि याच गावात दुसरेही एक उदाहरण घडले, आणि ते मला अधिक बोलके वाटते.

नीउ-व्हेनेपच्या शेतावर योहानेस बोगार्ड हा शेतकरी राहत होता. लोक त्याला 'ओम हान्नेस', म्हणजे हान्नेसकाका म्हणत. घर कट्टर कॅल्व्हिनपंथी, शिक्षण बेताचे, जगाचा अनुभव शेताच्या बांधाएवढा. १९४२च्या उन्हाळ्यात यहुद्यांना छावण्यांत नेण्यास सुरुवात झाली तेव्हा हा मनुष्य आम्स्टरडॅमला फेऱ्या करू लागला आणि परतताना माणसे घेऊन येऊ लागला. त्याच्या, त्याच्या वडिलांच्या आणि भावंडांच्या शेतांवर मिळून तीनशेच्या आसपास यहुदी माणसांनी आसरा घेतला. एका वेळी अनेक डझन माणसे गोठ्यांत, गवताच्या गंजीत, कोंबड्यांच्या खुराड्यांत राहत होती. ज्या घरी स्वतःच्या गायी आहेत, स्वतःचे बटाटे आणि धान्य आहे, तेथेच हे शक्य होते, कारण लपलेल्या माणसाला शिधापत्रिका मिळत नसे. आणि तरीही शेत एकटे पुरले नाही: हान्नेसकाका शहरात जात तो माणसे आणण्याबरोबरच पैसे, कागदपत्रे आणि शिधापत्रिका गोळा करण्यासाठीही. १९४३च्या अखेरीपर्यंत पडलेल्या धाडींत अनेक जण पकडले गेले. वृद्ध वडिलांना छावणीत मरण आले. १९६३ साली याद व्हाशेम या यहुदी नरसंहाराच्या स्मारक-संस्थेने बोगार्ड कुटुंबाचा गौरव केला. कणगी भरलेली असेल तर ती कोणासाठी उघडायची, हा प्रश्न आजच्या स्वयंपूर्णतेच्या मार्गदर्शक पुस्तकांत मला अद्याप आढळलेला नाही. तेथे बहुधा कुलपांविषयीचे प्रकरण असते.

आज कुंपणाच्या आत राहणे त्या काळाहूनही अवघड झाले आहे, आणि त्याचे दोन दाखले आमच्याच गल्लीतले. आमच्या घरांवर सौरपट्ट्या आहेत; छपरांच्या मानाने हॉलंड सौरविजेत जगात अग्रेसर आहे. पण गावाची वीज गेली की बहुतेक घरांवरच्या पट्ट्याही, वर लख्ख ऊन असताना, बंद पडतात. कारण तारेवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून नेहमीचे यंत्र जाळ्यातला दाब गेल्याबरोबर थांबेल असेच बनवलेले असते. छपरावर ऊन, घरात अंधार. दुसरा दाखला अंड्यांचा. स्वतःच्या कोंबडीचे अंडे हे तर स्वावलंबनाचे बोधचिन्हच. परंतु २०२५च्या एप्रिलात येथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने देशातील सर्वांना घरच्या कोंबड्यांची अंडी न खाण्याचा सल्ला दिला, कारण मातीतील विघटन न होणारी रसायने कोंबड्यांच्या पोटातून त्या अंड्यांत उतरलेली आढळली. दुकानातले अंडे चालेल, परसातले नको! कुक्कुटज्वराची साथ आली की हौशी पाळणाऱ्यांनाही कोंबड्या कोंडून ठेवण्याचा हुकूम सुटतो तो वेगळाच.

त्यामुळे त्याच वर्षाच्या हिवाळ्यात सरकारने घरोघर पाठवलेली आणीबाणीची पुस्तिका वाचताना मला तिच्या विनयाचे कौतुक वाटले. वर्षभराची कोठी भरा असे ती सांगत नाही. ७२ तास निभावतील एवढे करा म्हणते. माणशी रोजचे तीन लिटर पाणी, टिकाऊ अन्न, विजेरी, बॅटरीवरचा रेडिओ, पांघरूण. मध्यवर्ती बँकेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसामागे ७० आणि मुलामागे ३० युरो रोख. आणि शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवणे. आमच्या घरच्या पेटीत याखेरीज पोहे, मेतकूट, गूळ आणि लसणाची चटणी गेली आहे, ज्यांना चूल पेटवावी लागत नाही.

आमच्या बागेच्या वाटेवर एका शेतकऱ्याचा लाकडी मांडव आहे. मालक नसतो, माल मांडलेला असतो, पैसे पत्र्याच्या डबीत टाकून माल न्यायचा अशी रीत होती. अंड्यांची पाटी त्या एप्रिलपासून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आहे, तिच्या जागी भोपळे आले. गेल्या वर्षी डबी कोणी तरी फोडली. तेव्हापासून तेथे मोबाईलने पैसे भरण्याचा ठिपक्यांचा चौकोन चिकटवला आहे आणि सुट्या नाण्यांना जागा उरलेली नाही. म्हातारेबुवांजवळ तसला मोबाईल नाही. ते आपले बटाटे उचलतात, नाणी मोजून तळच्या पोत्याच्या घडीखाली सरकवतात, आणि हंगाम असेल तर शेजारी आपल्याकडच्या घेवड्याची एक जुडी ठेवून देतात. शेतकरी ती कधी विकतो, कधी स्वतःच घरी नेतो.